बावन्न वेढे

चौथा दिवस. सेलूत पावणेसात वाजलेत.
साडेसातची मोटर माझ्यापुढं उघडी पडलीय.
जळक्या तारा दुपारीच ओढून काढल्या,
आता नवी तांब्याची तार
अन् माझी दोन बोटं, जी माझं ऐकत नाहीत.

अठरा. एकोणीस. वीस.
एका कॉइलला बावन्न वेढे.
एक चुकला की मोटर तापते,
गिऱ्हाईक शिव्या घालत परत येतं.
बाहेर लोकं टायर पेटवून शेकत बसलीत
अन् माझं बनियन घामानं पाठीला चिकटलंय.

दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या होत्या,
"हात कापतील, झोप उडेल. गोळी चुकवायची नाही.
भलतंच काही दिसायला लागलं तर रात्र असो, निघून या."
भलतंच काही दिसत नाही अजून.
रोजचंच दिसतं.
फाटकाच्या अलीकडं पाटीखालचा पिवळा बल्ब,
काउंटरची जाळी,
जाळीतून आत गेलेला हात,
बोटांना वार्निश लागलेला. माझाच.

वाटलं होतं, तलफ दांडगाई करत येईल,
शर्टाला धरून ओढील.
तर ही येते वसुलीवाल्यासारखी, वही काखेत धरून,
आवाज एकदम मऊ.
"मुंजाभाऊ, अंडेवाल्या नागनाथची उधारी हाय ना तुमची?
एकशे चाळीस.
गरिबाचं ठेवू नये माणसानं.
नुसतं देऊन या. दुकानाकडं बघायचंबी नाही."

काय इमानदारी!
सत्वशीलेच्या पाटल्या गहाण टाकल्या
तेव्हा कुठं गेली होतीस ग तू, वही घेऊन?

पण मी उठलोच.
एक चप्पल पायात आली.
दुसरी टेबलाखाली, पार भिंतीपर्यंत सरकलेली.
वाकलो तर लोखंडी स्टँड कपाळाला लागला
अन् मी तिथंच, जमिनीवर, बसून राहिलो,
एका पायात चप्पल घातलेला बेचाळीस वर्षांचा माणूस.

"भाऊ, काय सांडलं?" अफरोजनं विचारलं.
"काही नाही. हे पैसे घे. नागनाथला दे फाटकापाशी.
सायकल घेऊन जा. अन् लगेच ये."

तो गेला.
वार्निशच्या डब्याचं झाकण हातोडीनं ठोकून बसवलं;
तोही वास आता ओळखीचं हसायलाय.
गुळाचा खडा गालात धरला.
वीस मिनिटं, मॅडम म्हणाल्या होत्या, वीस मिनिटं काढा,
मग ती आपोआप उतरते.
घड्याळाला सांगितलेलं दिसत नाही कुणी.

एकोणतीस. तीस. एकतीस.
की एकेचाळीस?
थांबलो. डोळे मिटून आठवलं. नाहीच आठवलं.
सगळी तार उलगडली.
एक.

अफरोज परत आला तेव्हा सदतीसवर होतो.
"अंडेवाला विचारायला, मुंजाभाऊ गेले का काय?"
"मग?"
"म्हटलं, हायेत. वाइंडिंग करायलेत."
पोरगं गंभीरपणे म्हणालं,
अन् मला हसू आलं, इतकं आलं
की अडतिसावा वेढा सुटता सुटता राहिला.

घरी सत्वशीलेनं दारातच माझा मफलर नीट केला.
मफलर नीटच होता.
मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो, गरजेपेक्षा जास्त.
"गूळ खाल्लात," म्हणाली,
अन् ज्वारीची भाकर तव्यावर टाकायला आत गेली.
दोन खाल्ल्या. एक उलटून पडली.

आता अडीच वाजलेत.
पाय गोधडीत थरथरतात, थांबतात, परत थरथरतात.
मनात फाटकाजवळचा बल्ब चालूच आहे,
मी विझवत बसलो नाही.
शेतातली रात्रपाळीची लाईट आली असावी:
लांब, कसुऱ्याच्या अंगाला,
कुणाचा तरी पंप घरघरला, अडखळला,
मग एकसुरात लागला.
मी भरलेला आहे की दुसऱ्या कुणी, इथून कळत नाही.
कूस बदलून ऐकतो.
चालतोय.